हॉर्न्सबीत झाडीलगत घर घेणाऱ्यांसाठी

शाळा चांगल्या, स्टेशन जवळ, म्हणून सिडनीत नव्याने आलेले बरेच जण हॉर्न्सबीकडे घर बघतात. तिथली कितीतरी अंगणं थेट रानाला भिडतात, आणि त्या रानात अतिशय विषारी फनेल-वेब कोळी राहतो. घाबरून बेत बदलू नका, पण माहिती असू द्या.

जमिनीतल्या बिळात राहणारा सिडनी फनेल-वेब बहुतेकांनी ऐकलेला असतो. त्याचा झाडावरचा भाऊबंद कमी जणांना ठाऊक असतो. सिडनीच्या उत्तरेकडच्या हंटर नदीपासून न्यू साउथ वेल्स राज्याच्या दक्षिण किनाऱ्यापर्यंतच्या जंगलांत तो उभ्या झाडाच्या कुजक्या ढोलीत रेशमाची नळी विणतो, तिच्यावर सालीचे तुकडे चिकटवतो. त्यामुळे मुलांना ढोलीत हात घालू देऊ नका. जुनं लाकूड उचलताना जाड हातमोजे हवेतच.

मादी सहसा घर सोडत नाही. नर मात्र इथल्या उन्हाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, मादीच्या शोधात रात्री भटकतो, पावसानंतर जास्तच. कोकणात विंचवाच्या भीतीने चपला झटकून घालतो, तीच सवय इथे ठेवा. रात्री बाहेर राहिलेले कपडेही झटका. पोहण्याच्या तलावात बुडालेला कोळी मेला असं समजून हातात घेऊ नका. तो पाण्यात कित्येक तास जिवंत राहतो.

मोठा काळा कोळी चावला तर फनेल-वेबच आहे असं धरून चाला. ओठ-जीभ झिणझिणणं, स्नायू फडफडणं, लाळ, घाम यांची वाट पाहू नका. लगेच ००० ला (इथला आपत्कालीन नंबर) फोन करा. हाता-पायाला चावला असेल तर चाव्यावरून सुरुवात करून रुंद इलॅस्टिक बँडेज संपूर्ण अवयवावर घट्ट गुंडाळा, वर फळी बांधा आणि माणसाला अजिबात हलू देऊ नका, चालू तर नाहीच. दोरी आवळणं, चिरा देणं, हळद-चुना लावणं, काहीही नको. बँडेज हॉस्पिटलातच सुटलं पाहिजे. (पाठीवर लाल पट्टा असलेला रेडबॅक कोळी चावला तर मात्र बँडेज नाही, बर्फाचा शेक.)

१९८१ मध्ये मेलबर्नच्या डॉ. स्ट्रुअन सदरलँड यांच्या गटाने यावर प्रतिविष काढलं. ते सशांच्या रक्तापासून बनतं आणि झाडावरच्या जातीलाही चालतं. त्यानंतर फनेल-वेबच्या दंशाने मृत्यूची नोंद नाही. मला या देशाबद्दल मनापासून आदर वाटतो तो अशा कामांमुळे.

एक बँडेज घरात आणि एक गाडीत आजच ठेवा. भारतातून आई-बाबा आले की पहिल्याच आठवड्यात त्यांच्याकडून ते एकदा बांधून घ्या. पहाटे अंगणात अनवाणी उतरतात ते तेच.