विलंबाची कारणे मोजताना सगळी उत्तरे एकत्र करू नका

बांधकाम प्रकल्प का रखडतात यावर प्रबंध किंवा शोधनिबंध लिहीत असाल, तर मालक, ठेकेदार आणि सल्लागार यांच्या प्रश्नावल्या वेगळ्या ठेवा. ठेकेदार बहुधा थकलेल्या बिलांकडे बोट दाखवतो, मालक ठेकेदाराच्या ढिसाळ नियोजनाकडे. सरसकट सरासरी काढली की हा मतभेदच पुसला जातो, आणि वाचण्यासारखा भाग खरं तर तोच असतो. सापेक्ष महत्त्व निर्देशांक (एखादं कारण प्रतिसादकांना किती महत्त्वाचं वाटतं ते दाखवणारा आकडा) प्रत्येक गटासाठी स्वतंत्र काढा: १ ते ५ श्रेणी असेल, तर त्या कारणाला मिळालेल्या गुणांच्या बेरजेला प्रतिसादकांच्या संख्येच्या ५ पटीने भागा. मग स्पिअरमनच्या क्रम-सहसंबंधाने (दोन क्रमवाऱ्या किती जुळतात ते सांगणारं माप) दोन-दोन गटांची कारणांची क्रमवारी ताडून पाहा. साइटवरचा बार चार्ट (कामाचं वेळापत्रक), मुदतवाढीचे अर्ज, बिलांच्या तारखा मिळवता आल्या तर जरूर मिळवा. नुसत्या मतांपेक्षा त्या नोंदी कितीतरी भक्कम पुरावा आहेत.