फोन बोटाचा ठसा ओळखत नसेल तर

भांडी घासून झाली की माझा फोन मला ओळखायचाच नाही. चार वेळा अंगठा टेकवा, शेवटी पिन टाका. दुरुस्तीवाल्याकडे नेण्याआधी हे करून पाहिलं आणि काम झालं:

१. सेन्सर कोरड्या, मऊ कापडाने पुसा. चष्मा पुसायचं कापड उत्तम. बोटही कोरडं हवं. पण फार कोरडं, भेगाळलेलं असेल तर किंचित क्रीम चोळून पुसून टाका.

२. फोन एकदा रीस्टार्ट करा. सुरू झाल्यावर पहिल्यांदा पिनच मागतो, तो बिघाड नव्हे.

३. तरीही नाही? मग सेटिंग्जमधल्या सुरक्षेच्या भागात जाऊन जुना ठसा काढून टाका आणि नव्याने नोंदवा. खरी युक्ती इथे आहे: तोच अंगठा दोनदा नोंदवायचा, दोन वेगवेगळ्या नावांनी. एकदा नेहमीसारखा आणि एकदा फोन हातात धरल्यावर जसा तिरका पडतो तसा, कडांसकट. काही फोन तेच बोट पुन्हा घेत नाहीत, तिथे दुसऱ्या हाताचा अंगठा द्या.

सेन्सर स्क्रीनखाली असेल आणि नुकतीच टेम्पर्ड ग्लास लावली असेल, तर संशय आधी तिच्यावरच घ्या. जाड काच किंवा मधली हवा ठसा नीट वाचू देत नाही. ग्लास ठेवायचीच असेल तर ती लावलेली असतानाच ठसा नव्याने नोंदवा.

ठसा पुसण्याआधी पिन नक्की आठवतोय ना, ते पाहा. बँकेची ॲप्सही नंतर एकदा पासवर्ड किंवा पिन मागू शकतात.