इंग्रजी मेलमधला 'इट' नेमका कुणाचा? या चुका टाळा

ठाण्यात नौपाड्याला मी संध्याकाळी इंग्रजीचे वर्ग घेते. ऐरोली, महापेच्या ऑफिसांतून बरेच जण ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून थेट वर्गावर येतात. त्यांचं व्याकरण कच्चं नसतं. काळ बरोबर, स्पेलिंग बरोबर, तरी मेल वाचणारा उलट विचारतो, "म्हणजे नेमकं काय?" खोट बहुतेक वेळा 'इट', 'धिस', 'विच' अशा चिमुकल्या शब्दांत निघते.

परवा एकीने मेल दाखवला: 'आय केप्ट द लॅपटॉप इन द बॅग. नाऊ इट इज मिसिंग.' काय हरवलं, लॅपटॉप की बॅग? "लॅपटॉप, मॅडम. उघड आहे." तिला ते उघड होतं, कारण मनात मराठी वाक्य होतं: लॅपटॉप बॅगेत ठेवला होता, आता तो सापडत नाहीये. 'तो' म्हटलं की लॅपटॉप, 'ती' म्हटलं की बॅग. आपल्याकडे लिंग हे काम गुपचूप करून टाकतं. इंग्रजीत दोन्ही वस्तू 'इट'च. म्हणून मागे दोन वस्तू आल्या असतील, तर सरळ 'द लॅपटॉप इज मिसिंग' लिहा. तोच शब्द पुन्हा नको, ही निबंधाच्या तासाची शिकवण मेल लिहिताना बाजूला ठेवा.

'धिस' त्याहून फसवा, कारण तो अख्खं वाक्य उचलतो. 'द सर्व्हर वेंट डाऊन अँड वी डिड नॉट इन्फॉर्म द क्लायंट. धिस मस्ट नॉट हॅपन अगेन.' पुन्हा काय व्हायला नको? सर्व्हर बंद पडणं, की न कळवणं? टीममधले अर्धे जण सर्व्हरच्या मागे लागतील. 'धिस'ला लगेच एक नाम जोडा: 'धिस आउटेज' किंवा 'धिस कम्युनिकेशन गॅप'. नाम शोधताना आपल्याला काय म्हणायचंय, हे आधी आपल्यालाच ठरवावं लागतं. मला हा उपाय सगळ्यांत मोलाचा वाटतो.

'विच'चंही तसंच. 'ही मिस्ड द मीटिंग, विच अनॉयड द क्लायंट' यात क्लायंट मीटिंगवर चिडला की गैरहजेरीवर? स्वल्पविराम देऊनही शंका उरते. 'हिज अ‍ॅब्सेन्स अनॉयड द क्लायंट' म्हणा, मोकळे व्हा.

पावसाळ्यात हमखास ऐकू येणारं वाक्य: 'आय लॉस्ट माय अम्ब्रेला. आय विल बाय इट.' म्हणजे हरवलेलीच छत्री विकत घेणार! मराठीत 'उद्या घेईन' एवढं पुरतं, कर्म बोलावंच लागत नाही. इंग्रजीत ते भरताना हाताशी येतो तो 'इट'. तीच वस्तू असेल तर 'इट', त्या जातीची दुसरी कुठलीही असेल तर 'वन'. इथे 'आय विल बाय अ न्यू वन'.

मेल पाठवण्याआधी प्रत्येक 'इट'वर, 'धिस'वर बोट ठेवा आणि तो कशाबद्दल आहे ते मोठ्याने म्हणा. दोन उत्तरं आली, तर तिथे नाव लिहा. लॅपटॉपवालीने तसं केलं तेव्हा तिच्या सात ओळींच्या मेलमध्ये असे तीन 'इट' सापडले.