क्युम्युलसच्या दैनिक फाइलीतून वर्षाचा हवामान-तक्ता: पीएचपी स्क्रिप्ट कशी लिहावी

घरच्या हवामान केंद्राला क्युम्युलस (केंद्राच्या नोंदी संगणकावर साठवणारा प्रोग्राम) जोडलेले असेल, तर रोजच्या नोंदींचा तक्ता वेबसाइटवर दाखवायला डेटाबेसची गरज नाही. क्युम्युलस लिहिते ती ‘डेफाइल’ ही साधी मजकूर फाइल पुरते; ती पीएचपी या वेबसाइटच्या प्रोग्रामिंग भाषेतून वाचता येते. एका दिवसाची एक ओळ, रकाने ठरलेल्या क्रमाने. शून्यापासून मोजल्यास ० वर तारीख, १ वर वाऱ्याचा सर्वांत जोरदार झोत, ४ वर किमान तापमान, ६ वर कमाल तापमान, १४ वर दिवसाचा पाऊस आणि १५ वर सरासरी तापमान मिळते. ५ आणि ७ वर त्या किमान-कमालाच्या वेळा असतात.

स्क्रिप्ट लिहिण्याआधी फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. जुन्या आवृत्त्यांत रकाने वेगळे करणारे चिन्ह संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगनुसार बदलते. कुठे स्वल्पविराम, तर कुठे अर्धविराम. नव्या आवृत्त्यांनी रकाने वाढवले आहेत, म्हणून जुन्या ओळी आखूड दिसतात. रकाना खरोखर आहे का, हे तपासूनच तो वाचा.

फाइल ‘एफगेटसीएसव्ही’ने (ओळ वाचून रकाने वेगळे करणारे पीएचपीचे फंक्शन) ओळीओळीने वाचा. तारीख दिवस/महिना/दोन अंकी वर्ष अशी असते. ती ‘स्ट्रटोटाइम’ या मजकुरातून तारीख ओळखणाऱ्या फंक्शनला देऊ नका. तिरकी रेघ दिसली की ते फंक्शन अमेरिकी पद्धतीने आधी महिना धरते: ०५/०७/२४ म्हणजे ५ जुलैची ७ मे होते आणि १३ तारखेपासून पुढे तारीख वाचलीच जात नाही. ‘क्रिएट फ्रॉम फॉरमॅट’ हे फंक्शन वापरून क्रम स्वतः सांगा, किंवा तिरक्या रेघेवर तारीख तोडून तीन आकडे वेगळे करा. मग प्रत्येक नोंद वर्ष, महिना, दिवस अशा किल्लीखाली अ‍ॅरेत (किमतींच्या यादीत) ठेवा. एखादी तारीख फाइलीत दोनदा आली तरी तक्त्यात ती एकदाच दिसेल. मात्र नंतरची ओळ आधीचीला पुसते, म्हणून अशा तारखा हाताने तपासा.

सर्वांत जास्त नुकसान होते ते रिकाम्या रकान्याने. पीएचपीमध्ये रिकाम्या मजकुराचा आकडा केला की शून्य मिळते, आणि मग पुण्याच्या तक्त्यात किमान तापमान ०.० झळकते. आधी ‘इज न्यूमेरिक’ ही आकडा आहे का ते पाहणारी तपासणी लावा. आकडा नसेल तर ‘नल’ (किंमतच नाही) ठेवा आणि तक्त्यात आडवी रेघ दाखवा. ‘पाऊस पडला नाही’ आणि ‘नोंद नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किमान-कमाल शोधतानाही सुरुवातीची किंमत शून्य न ठेवता ‘नल’ ठेवा. नाहीतर किमान शून्यावरच अडकते. महिन्याच्या बेरजेखाली किती दिवसांची नोंद आहे तेही लिहा. २२ दिवसांची बेरीज पूर्ण जुलैची म्हणून दाखवणे चूक आहे.

तक्त्याला ३१ ओळी आणि १२ स्तंभ करा. ३० फेब्रुवारीसारख्या घरांसाठी तारीख खरी आहे का ते सांगणारे ‘चेकडेट’ वापरून घर राखाडी ठेवा. आकडे उजवीकडे सरकवा, एकके शीर्षकात लिहा, पान यूटीएफ-८ मध्ये जतन करा. नाहीतर अंशाचे चिन्ह बिघडते. पावसाच्या दिवसांची मोजणी हवी असेल तर भारतीय हवामान विभागाचा निकष लावा: २.५ मिमी किंवा जास्त.

आता दिवस कधी बदलतो ते पाहा. क्युम्युलसमध्ये मध्यरात्र किंवा सकाळी ९ निवडता येते. हवामान विभागाचा पाऊस सकाळी ८:३० ला संपणाऱ्या २४ तासांचा असतो आणि तो संपण्याच्या तारखेला लिहिला जातो. मुंबईतील सांताक्रूझची ९४४ मिमीची प्रसिद्ध नोंद २७ जुलै २००५ च्या सकाळी ८:३० ला संपलेल्या २४ तासांची आहे, पण लोकांच्या लक्षात २६ जुलै आहे. क्युम्युलस ९ वाजता सुरू झालेल्या दिवसाला सुरुवातीची तारीख देतो. त्यामुळे शेजारी सरकारी आकडे दाखवायचे असतील तर एक दिवस सरकवून जुळवा, अर्ध्या तासाचा फरक राहणारच हे धरा आणि तक्त्याखाली दिवसाची वेळ स्पष्ट छापा.

आजची ओळ दिवस बदलल्यावरच फाइलीत येते. चालू दिवसाचे आकडे हवे असतील तर ते क्युम्युलसच्या ताज्या आकड्यांच्या ‘रिअलटाइम’ फाइलीतून घ्या आणि ते तात्पुरते आहेत हे कळण्यासाठी वेगळ्या रंगात दाखवा. फाइल वेबसाइटवर चढवताना एफटीपीचा (फाइल पाठवण्याच्या पद्धतीचा) ‘आधी तात्पुरते नाव, मग नामांतर’ पर्याय चालू ठेवा. नाहीतर त्याच क्षणी पान उघडणाऱ्याला अर्धवट फाइलीचा तक्ता दिसतो.