आठवण लिहावी एका दिवसाची, एका खोलीची

आत्मचरित्र लिहायला बसू नका. 'माझा जन्म अमुक साली' अशी सुरुवात झाली की दहाव्या पानाला वही कपाटात जाते. स्वतःला समजून घ्यायचं असेल तर तासाभरात घडून गेलेला एकच प्रसंग घ्या. 'बाबा सतत चिडलेले असायचे' ही आठवण नव्हे, तो निष्कर्ष झाला. 'वागळे इस्टेटमधली कंपनी बंद पडली त्या आठवड्यात बाबा ताटावरून उठले आणि आईने त्यांची भाजी परत पातेल्यात ओतली' ही आठवण. नैराश्यात माणसाला जुनं मोघमच आठवतं, हे संशोधनात वारंवार दिसलं आहे. म्हणून नेमकेपणाचा एवढा आग्रह.

प्रसंग सुचत नसेल तर घराचा नकाशा काढा. ठाण्याच्या नौपाड्यातल्या कितीतरी चाळी आणि वाडे पुनर्विकासात गेले, तिथे जाऊन बघण्यासारखं काही उरलं नाही. कागदावर मात्र ते घर अजून उभं करता येतं. दार, मोरी, देव्हारा, माळा, कोण कुठे झोपायचं ते मांडा. मग एकेका कोपऱ्यावर पेन्सिल ठेवून विचारा: इथे काय झालं होतं? वाशीतल्या सिडकोच्या घरात वाढलेल्यांनाही हे जमेल.

वहीच्या डाव्या पानावर फक्त दिसलेलं आणि ऐकलेलं लिहा. उजव्या पानावर तेव्हा काय वाटलं, आणि त्याखाली रेघ मारून आज काय वाटतं. 'सरांनी माझे मार्क मोठ्याने वाचले' हे डावीकडे, 'सरांनी अपमान केला' हे उजवीकडे. सुरुवातीला सगळंच उजवीकडे वाहून जातं, त्यामुळे डावं पान आधी भरायचं.

वेळ किती द्यायचा? मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांच्या 1986 च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं लिहिलं. तोच हिशोब घ्या. शुद्धलेखन बघू नका, हात थांबवू नका. लिहून झाल्यावर थोडा वेळ मन जड होतं. हे अपेक्षितच आहे, म्हणून झोपायच्या आधी लिहू नये. वन बीएचकेत एकांत मिळत नसेल तर सकाळी ठाण्याच्या तलावपाळीसारख्या ठिकाणचा बाक चालेल.

चौथ्या दिवशी पहिल्या दिवसाचं पान शेजारी ठेवा. 'कारण', 'म्हणून', 'आता कळतंय' असे शब्द वाढले असतील तर काम होतंय. 'माझ्याच वाट्याला का' हेच वाक्य चारही दिवस आलं असेल तर ते उगाळणं झालं, आणि त्याने त्रास वाढतो. अशा वेळी तोच प्रसंग 'मी'ऐवजी 'तो' किंवा 'ती' वापरून लिहा. थोडं अंतर पडलं की कारणं दिसू लागतात.

आठवण पक्की वाटते म्हणून खरी असतेच असं नाही. 26 जुलै 2005 च्या मुंबईच्या पुरात घरी कोण किती वाजता पोचलं, हे घरातल्या तिघांना वेगवेगळं विचारा. तीन उत्तरं येऊ शकतात. कुणी खोटं बोलत नसतं. दर वेळी आठवताना मन ती घटना नव्याने जुळवतं. मतभेदही वहीत टिपा, पण भावंडांशी वाद घालायला वही वापरू नका.

अगदी ताजा मृत्यू, अत्याचार किंवा अपघात एकट्याने लिहायला घेऊ नका. लिहिताना प्रसंग पुन्हा घडतोय असं वाटलं, झोप उडाली किंवा जीव द्यावासा वाटला तर वही बंद करा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

असे सहा प्रसंग जमले की प्रत्येकाचा शेवट तपासा. 'चांगलं चाललं होतं आणि मग बिघडलं' अशा वळणावरच तुम्ही प्रत्येक वेळी थांबता का? मानसशास्त्रज्ञ डॅन मॅकअॅडम्स यांनी आयुष्याच्या गोष्टींमधली ही घडण बारकाईने अभ्यासली आहे. तसं असेल तर प्रसंग तोच ठेवा आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात काय घडलं तेवढं लिहा. कोण भेटायला आलं, शाळा कधी सुरू झाली, घरात पहिल्यांदा कोण हसलं.