पिंपल्स आणि पाळी : या चुका टाळा

हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने खोल, दुखरे पिंपल्स, त्यात पाळी दोन-दोन महिने गायब. अशी मुलगी सांगलीत आधी मेडिकलच्या दुकानात जाते आणि गोरं करणारी ट्यूब घेऊन येते. सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. त्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा स्टिरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन एकत्र असतं. आठवड्यात लाली ओसरते, घरचे खूश होतात. ट्यूब थांबली की आग, लाली आणि आधीपेक्षा जास्त फोड, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. काही महिन्यांत कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसतात, गालावर लव वाढते. मग ही लव हार्मोनची की ट्यूबची, हा घोळ डॉक्टरांसमोरही उभा राहतो. म्हणून तपासणीला जाताना लावलेली प्रत्येक ट्यूब पिशवीत घालून न्या, रिकामी असली तरी.

दुसरी चूक सोनोग्राफीची. सोळा वर्षांच्या मुलीच्या रिपोर्टवर ‘पीसीओ’ (पॉलिसिस्टिक ओव्हरी, म्हणजे बीजांडकोशात अनेक पिशव्या) दिसलं की आईला थेट लग्नाची चिंता लागते. त्या गाठी नव्हेत, स्त्रीबीजांच्या बारीक पिशव्या आहेत आणि या वयात त्या भरपूर असतातच. पहिली पाळी येऊन 8 वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीवरून पीसीओएस (हार्मोनच्या बिघाडाने पाळी लांबणं, पिंपल्स, राठ केस असा आजार) ठरवत नाहीत. त्यापेक्षा कालनिर्णयवर पाळीच्या पहिल्या दिवसाला गोल करा. पाळी सुरू होऊन 3 वर्षं झाल्यावरही अंतर 35 दिवसांच्या वर जात असेल किंवा वर्षात 8 पेक्षा कमी पाळ्या येत असतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. सोबत हनुवटीवर राठ केस असतील तर उशीर नकोच. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनबरोबर थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन ही हार्मोन्सही तपासावी लागतात. पाळी नियमित करायच्या (गर्भनिरोधक) हार्मोनच्या गोळ्या चालू असताना केलेली टेस्टोस्टेरॉनची तपासणी भरवशाची नसते, हे लॅबमध्ये कुणी विचारत नाही. तुम्हीच आधी डॉक्टरांना सांगा.

हळद सांगलीची असली तरी लिंबू पिळून चेहऱ्यावर नको, कातडी भाजते.

डॉक्टरांनी अडापलीन हे पिंपल्सचं क्रीम दिलं तर ते रात्री, वाटाण्याएवढं, संपूर्ण चेहऱ्याला. आठ-बारा आठवडे द्यावेच लागतात. पंधरा दिवसांत क्रीम बदलणाऱ्यांना कुठलंच औषध लागू पडत नाही.

आयसोट्रेटिनॉइन ही पिंपल्सची गोळी मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून कधीही घेऊ नका. ती सुरू करण्याआधी एक महिना, चालू असताना आणि बंद केल्यावर एक महिना दिवस जाता कामा नयेत. बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. लग्न ठरलं असेल तर तारीख डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.