पावसात गाडीची काच पांढरी झाली? आधी बोट लावा, मग बटणं दाबा

गेल्या जुलैतली रात्र. साडेनऊच्या सुमारास ठाण्यात कापूरबावडीहून घोडबंदरच्या दिशेने निघालो होतो. मागे बायको, आई आणि मावशी, पुढे माझ्या शेजारी आठवीतली लेक, सगळ्यांच्या पायाशी मिळून तीन ओल्या छत्र्या. पाऊस नुकताच थांबला होता म्हणून वायपर बंद केले. पातलीपाड्याचा पूल उतरता उतरता समोरची काच खालून वर दुधासारखी पांढरी होत गेली. मी एसी आणखी गार केला. ब्लोअर चारवर नेला, वारा थेट काचेवर वळवला. काच आणखी पांढरी. मग एका हाताने स्टिअरिंग, दुसऱ्या हाताने नॅपकिन, आणि मागून आईचं "अरे, हळू, हळू" चालू.

तेवढ्यात लेक म्हणाली, "बाबा, उमटतच नाहीये."

"काय उमटत नाहीये?"

"स्मायली. बोट फिरवतेय, पण काहीच होत नाहीये."

बोट आतून फिरत होतं आणि बाष्प बाहेरून बसलेलं होतं. वायपरचा एक फटका मारला आणि काच लख्ख झाली. अर्ध्या मिनिटाने पुन्हा पांढरी, कारण गार वारा काचेवर मारणं मी अजून थांबवलं नव्हतं. पंधरा वर्षं गाडी चालवतोय, पण काच कोणत्या बाजूने धरली आहे, म्हणजे बाष्प आतून बसलंय की बाहेरून, हे बघायचं असतं हे त्या रात्री कळलं. खाली ज्या चुका लिहिल्या आहेत त्यातल्या बहुतेक मी स्वतः केलेल्या आहेत.

पहिली चूक: बाजू न ओळखता उपाय करणं

काचेवर बाष्प कधी बसतं? काच हवेच्या दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं त्यापेक्षा, गार झाली की. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम सुटतो, तोच प्रकार. फरक इतकाच की गाडीच्या काचेला दोन हवा भिडलेल्या असतात, एक आतली आणि एक बाहेरची.

पाऊस जोरात असला की पाण्याने काच गार होते. आत चार-पाच माणसांचा श्वास, ओले कपडे, छत्र्या, पायपुसण्यात साचलेलं पाणी. एसी बंद असेल तर ही ओलसर हवा गार काचेला लागते आणि काच आतून धरते. बोट फिरवलं की रेघ उमटते.

दुसरा प्रकार आमच्यावर गुदरला तो. ठाणे-नवी मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो. एसीच्या झरोक्यातून येणारी हवा ५ ते १० अंशांची. ती सतत काचेवर आदळली की काच २४ च्या खाली जाते आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर घाम धरते. हे बाष्प बहुधा काचेच्या तळाशी, झरोक्याच्या वर सुरू होतं आणि वर चढतं. पाऊस चालू असताना वायपर ते पुसत राहतो म्हणून लक्षात येत नाही. पाऊस थांबून वायपर बंद झाले की उघडं पडतं.

आतून धरली असेल तर कोरडी हवा काचेवर हवी. बाहेरून धरली असेल तर गार हवा काचेवरून हटवायला हवी. म्हणजे एकाचा उपाय दुसऱ्याला विष. म्हणून आधी बोट. बोट लावायचं नसेल तर वायपरचा एक फटका मारा. काच साफ झाली तर बाष्प बाहेर आहे.

बाहेरून असेल तर वारा चेहऱ्याकडे किंवा पायाकडे वळवा, तापमान २४-२५ वर आणा आणि वायपर अधूनमधून फिरेल असा ठेवा. एवढं पुरतं. पाम बीच रोडला खाडीच्या कडेने रात्री जाताना किंवा मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर भाताण, माडपच्या बोगद्यात शिरताना काच अचानक पांढरी होते तेव्हाही बहुतेक वेळा हेच घडलेलं असतं. गार काचेला अचानक उबदार, दमट हवा भेटते. बोगदा समोर दिसला की हात वायपरच्या दांडीवर असू द्या.

घाट आला की एसी बंद

ही आपली खास सवय. गायमुखचा चढ आला, मुंब्रा बायपास आला, खंडाळा आला की पिकअपसाठी एसी बंद करायचा आणि ब्लोअर मात्र चालू ठेवायचा. उन्हाळ्यात याने काही बिघडत नाही. पावसाळ्यात काच नेमकी चढावरच, वळणावरच आतून धरते.

कारण साधं आहे. एसी चालू असताना डॅशबोर्डच्या आतली कॉइल हवेतलं पाणी ओढून घेते, म्हणून ती कायम ओली असते. एसी बंद केला, म्हणजे त्याचा कॉम्प्रेसर थांबला, की कॉइल तापू लागते, ब्लोअर तिच्यावरचं पाणी उडवतो आणि ती सगळी वाफ तुमच्याच काचेवर येऊन बसते. दोन मिनिटांपूर्वी ज्या यंत्राने हवा सुकवली, तेच आता ती ओली करतं. पावसात एसी चालूच ठेवा. मायलेजची काळजी कोरड्या दिवसांत करा.

सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांतही हे होतं. माजिवड्याला दीड-दोन मिनिटं उभं राहिलात, कॉम्प्रेसर थांबला, आणि सिग्नल सुटताना समोरचं धुरकट. पावसापुरतं ते ऑटो बंद होणं बटण दाबून बंद ठेवा.

गोल बाणाचं बटण

गाडीच्या चित्रात गोल फिरणारा बाण असलेलं बटण दाबलं की आतलीच हवा फिरत राहते. घोडबंदरला कंटेनरच्या मागे अडकलात की धूर आत येऊ नये म्हणून ते दाबलं जातं आणि मग चालूच राहतं. एसी चालू असेल तर फारसं बिघडत नाही. एसी बंद आणि हे बटण चालू, ही मात्र सगळ्यात वाईट जोडी. पाच माणसांचा श्वास त्याच डब्यात फिरत राहतो.

काच आतून धरली की क्रम असा: एसी चालू, बाहेरची हवा आत, वारा काचेवर, ब्लोअर मोठा, आणि तापमानाची कळ गारकडून उबदारकडे. शेवटची गोष्ट लोकांना पटत नाही. "मुंबईत हीटर? तोही एसीबरोबर?" पण गाडीत हवा आधी एसीच्या कॉइलवरून जाते, तिथे सुकते आणि मग हीटरवरून जाऊन कोमट होते. सुकलेली, कोमट हवा काचेचा ओलावा पटकन उचलते आणि काच गारही पडत नाही, त्यामुळे बाहेरून धरायचा धोका टळतो. दोन्ही बाजूंना चालणारा उपाय हा एकच. किंमत म्हणजे थोडा घाम. बऱ्याच गाड्यांत समोरच्या काचेच्या चित्राचं बटण दाबलं की एसी आणि बाहेरची हवा आपोआप चालू होते. तुमच्या गाडीत होते का, ते आज पार्किंगमध्ये उभं राहून बघून घ्या.

हाताने पुसणं

हे सगळेच करतात. तळहाताचं तेल आणि घाम काचेवर पसरतो, त्यावर पुढच्या वेळी बाष्प आणखी चिकटून बसतं, आणि समोरच्या ट्रकचा हेडलाइट पडला की अख्खी काच फाटल्यासारखी चमकते. सिग्नलवर मिळणारं पिवळं फडकं नवंकोरं असताना त्याचेच धागे काचेवर सोडतं. दोन-तीनदा धुऊन मगच वापरा. त्याहून बरं म्हणजे मायक्रोफायबरचं फडकं. ते कोरडं, दाराच्या कप्प्यात. डिकीत ठेवून उपयोग नाही.

काच आतून खरंच स्वच्छ असेल तर बाष्प कमी धरतं. पण आतली काच आपण धूतच नाही. उन्हात डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून निघालेला चिकट थर तिच्यावर बसतो. त्यात वॉशिंगवाल्याने डॅशबोर्ड चमकवायला पॉलिश फासलं असेल तर तोही थर. पावसाळ्याआधी एकदा ग्लास क्लीनरने आतली काच दोनदा पुसा. पहिल्यांदा फडकं किती काळं होतं ते बघून तुम्हीच चकित व्हाल. बाहेरच्या काचेवर रस्त्यावरचं तेल बसलेलं असतं. भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब बादलीभर पाण्यात टाकून धुवा. एवढं करूनही वायपर पट्टे ओढत असेल तर रबर गेलं. एप्रिल-मेच्या उन्हात ते कडक होतं, दर जूनला बदलायचं.

घरगुती उपायांचं म्हणाल तर ट्रकवाले काचेवर बाहेरून तंबाखू चोळायचे, कुणी कापलेला बटाटा. वायपर बंद पडला असेल तर तेवढ्यापुरतं पाणी पसरतं, बरं दिसतं. आतून शेव्हिंग फोम लावून पुसला तर एक-दोन दिवस बाष्प कमी धरतं, पण नीट पुसला नाही तर रात्री रेघा चमकतात. ओलावा शोषायच्या कोळशाच्या आणि सिलिकाच्या पिशव्यांवर पैसे घालवू नका. आपल्या पावसात त्या लगेच भिजतात.

रोजच धरत असेल तर

सगळं नीट करूनही रोज सकाळी काच आतून ओली मिळत असेल तर गाडीत कुठेतरी पाणी आहे. माझ्या गाडीत ते पुढच्या डाव्या सीटच्या पायाशी, मॅटच्या खाली होतं. मॅट वरून कोरडी. खालचा फोम पिळला तर ओंजळभर पाणी निघालं. एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी कचऱ्याने तुंबली होती. याची खूण सोपी आहे: एसी चालवून गाडी पार्किंगमध्ये लावलीत की थोड्या वेळाने खाली पाण्याचं थारोळं दिसायला हवं. पावसाळ्यात ते दिसत नसेल तर नळी बघा. गॅरेजमध्ये मला "गॅस भरावा लागेल" असं सांगितलं होतं. गॅस भरून पैसे गेले, पाणी तिथेच. दुसऱ्याने नळीत हवा मारली आणि काम झालं.

तुंबलेल्या रस्त्यातून गाडी काढली असेल तर कार्पेटखालचा फोम आपोआप सुकत नाही. सीट खोलून, कार्पेट उचलून वाळवावाच लागतो. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यातल्या नळ्यांमध्ये पानं अडकतात. आणि ब्लोअर चारवर असूनही वारा दोनचाच येत असेल तर ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर काढून बघा.

एक खूण दुर्लक्षू नका. बाष्प चिकट, तेलकट वाटतंय, पुसलं की पसरतंय आणि गोडसर वास येतोय? मग ते पाणी नाही, हीटरच्या कोअरमधून गळणारं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, आहे. कूलंटची पातळी तपासा आणि गाडी त्याच दिवशी दाखवा.

मागच्या काचेवरच्या तांबूस रेघा म्हणजे डिफॉगरच्या, काच तापवून बाष्प घालवणाऱ्या तारा. आतून खरवडू नका, स्टिकर लावू नका. एक रेघ तुटली की तेवढा पट्टा कायमचा धुरकट.

आणि काच धरली म्हणून चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका. मागच्याला तुम्ही उभे आहात असं वाटतं आणि लेन बदलताना इशारा देता येत नाही. हेडलाइट लावा, सर्व्हिस रोडला किंवा पंपावर थांबा. चारही इंडिकेटर थांबल्यावर.

हिवाळ्यात मनालीला जाणार असाल तर

आमच्या सोसायटीतून दर डिसेंबरला एक-दोन गाड्या हिमाचलला जातात. तिकडे बाष्पाच्या जागी बर्फ बसतं आणि इथले नियम थोडे उलटे होतात. शून्याच्या आसपास बहुतेक गाड्यांचा एसी कॉम्प्रेसर चालूच होत नाही. त्याची गरजही नसते, कारण गोठलेल्या थंडीतली हवा मुळातच कोरडी असते. बाहेरची हवा आत घ्या आणि हीटरचा वारा काचेवर सोडा, काच आतून साफ राहते. गोल बाणाचं बटण मात्र तिथे अजिबात नको. श्वास काचेवर आतून बर्फ होऊन बसतो.

चालत्या गाडीची काच बाहेरून गोठते ती बऱ्याचदा आपल्याच हाताने. समोरच्या गाडीचा चिखल उडतो, आपण वॉशर मारतो, आणि टाकीत ठाण्याहून भरून नेलेलं साधं पाणी गार काचेवर पडताक्षणी गोठतं. समोर काहीच दिसत नाही आणि वायपर त्यावर नुसता घसरत राहतो. म्हणून निघण्याआधी टाकी रिकामी करून न गोठणारं वॉशर भरा, आणि तेही हीटरने काच कोमट झाल्यावरच मारा. बर्फ धरलंच तर वायपर ताणू नका, मोटर जळते. बाजूला थांबा, वारा काचेवर, हीटर पूर्ण, पाच-दहा मिनिटं. वायपरच्या रबरावर बर्फाची गाठ असेल तर ती हाताने फोडा. साधारण ९ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून लाहौलकडे बाहेर पडण्याआधीच काच गरम करून ठेवा.

सकाळी गोठलेल्या काचेवर हॉटेलवाल्याकडून गरम पाणी आणून ओतायचा मोह होतो. काचेला बारीक खडीचा टिपका जरी पडलेला असला तरी तिथून तडा धावतो. ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल औषधाच्या दुकानात मिळतं. दोन भाग ते आणि एक भाग पाणी स्प्रे बाटलीत भरून नेलंत तर बर्फ सुटतं, उरलेलं प्लास्टिकच्या पट्टीने निघतं. परत आलात की टाकीत पुन्हा नळाचं पाणी चालेल.